हातात आलेली गोष्ट

'व्हिडिओ गेम' हा शब्द आपल्याकडे सहसा तक्रारीच्या वाक्यातच भेटतो. पोरगा अभ्यास करीत नाही, गेम खेळतो. डोळे बिघडले, गेममुळे. पैसे गेले, गेममध्ये. कर्तरी, कर्मणी, भावे अशा तिन्ही प्रयोगांत हा शब्द आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. तेव्हा कला शाखेच्या वार्षिकांकात, तेही मराठी विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने, या विषयावर लेख लिहावा हे पाहून काही गुरुजनांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. तरीही लिहिते आहे. गेल्या वर्षभरात मामेभावाच्या कृपेने मी यातले चार खेळ शेवटपर्यंत खेळले, आणि त्यांनी मला जे प्रश्न घातले ते कथा-कादंबरीच्या तासाला पडणाऱ्या प्रश्नांच्याच जातीचे होते.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. 'गेम' या एकाच पोत्यात आपण तीन वेगळी धान्ये भरून ठेवली आहेत. पहिला प्रकार पैसे लावून खेळण्याचा. त्याला खेळ म्हणणे हा खेळाचाच अपमान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. पण त्याच कायद्याने ई-क्रीडा आणि सामाजिक, शैक्षणिक खेळ यांना वेगळे काढले. जो फरक कायद्याला कळतो तो घराघरांत कळायला हरकत नसावी. दुसरा प्रकार अनेकांनी मिळून लढण्याचा. 'पबजी मोबाइल'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ साली त्याचाच अवतार दुसऱ्या नावाने परतला, हे आपल्या कट्ट्यावर सर्वांना ठाऊक आहे. तिथे शेवटी जिवंत कोण राहतो एवढाच प्रश्न असतो. तिसरा प्रकार मात्र गोष्टीचा. त्यात नायक असतो, त्याचे दुःख असते, प्रवास असतो, शेवट असतो. मारामारीही भरपूर असते. आणि तो नायक आपल्या हाताशिवाय एक पाऊल पुढे टाकीत नाही. मी लिहिते आहे ते या तिसऱ्या प्रकाराविषयी.

हे खेळ खेळायला बसणे म्हणजे प्रथम पुन्हा चालायला शिकणे होय. हातातल्या कंट्रोलरवर दोन छोट्या दांड्या असतात. डाव्या अंगठ्याखाली पाय आणि उजव्या अंगठ्याखाली डोळे. जन्मापासून जे दोन अवयव आपण विचार न करता एकत्र चालवतो, ते इथे वेगवेगळे चालवावे लागतात. पहिले दोन दिवस माझा पराक्रमी योद्धा भिंतीला नाक लावून आकाशाकडे पाहत उभा असे, आणि शत्रू मागून येऊन त्याचा निकाल लावीत. मामेभाऊ हसून लोळत होता. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी अंगठे विसरले जातात आणि आपण 'तो चालला' असे न म्हणता 'मी चालले' असे म्हणू लागतो. कादंबरीत नायकाशी तादात्म्य पावायला लेखकाला पन्नास पाने लागतात. इथे ते आधी अंगठ्यांत येते, मनात मागाहून.

मी पहिला खेळ खेळले तो 'गॉड ऑफ वॉर'. अमेरिकेत तयार झालेला, २०१८ साली प्लेस्टेशनवर आणि २०२२ साली संगणकावर आलेला. त्यात सुरुवातीलाच कठीणपणाची पातळी निवडावी लागते. सर्वांत सोप्या पातळीचे नावच मुळी 'मला गोष्ट सांगा' अशा अर्थाचे आहे! नवख्याला इतक्या आदराने आत घेणारा दरवाजा मी दुसऱ्या कुठल्या कलेत पाहिला नाही. मी अर्थातच तीच पातळी निवडली.

पहिल्या दृश्यात क्रेटोस नावाचा धिप्पाड पुरुष कुऱ्हाडीने एक झाड तोडतो. कुऱ्हाडीचा घाव घालायचा असतो तो आपण. झाड कशासाठी, हे थोड्या वेळाने कळते: बायकोच्या चितेसाठी. तिची शेवटची इच्छा अशी की आपली राख सर्वांत उंच शिखरावरून सोडावी. तेवढ्यासाठी हा बाप आणि त्याचा लहान मुलगा आत्रेयस निघतात. वाटेत राक्षस आहेत, देव आहेत, पाताळ आहे; पण वीस-पंचवीस तासांच्या या सगळ्या धुमश्चक्रीचे कारण एवढेच, की एका बाईची राख पोहोचवायची आहे.

माझी अम्मम्मा शेजारी बसून विड्या वळत होती. आमच्या घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, आणि पलीकडच्या वाड्यात कन्नड. सोलापुरात यात काही नवल नाही. मांडीवरच्या सुपातून मान वर न करता तिने विचारले, "त्या पिशवीत काय आहे गं?" मी सांगितले. तिचा हात थांबला. आजोबांच्या अस्थी आम्ही पंढरपूरला चंद्रभागेत सोडल्या होत्या. "मग लवकर ने की," ती म्हणाली, "मधेच मारामाऱ्या काय करतेस?"

या खेळावर मी पुढे पुष्कळ समीक्षा वाचल्या. अम्मम्माच्या प्रश्नाइतका नेमका मुद्दा त्यांपैकी थोड्यांनीच मांडला होता. अशा खेळांचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष त्या एका प्रश्नात आहे. गुण असा की दुसऱ्या टोकाच्या देशातली, नॉर्स पुराणांवर रचलेली गोष्ट सोलापुरातल्या एका विडी कामगार बाईला क्षणात कळली. दोष असा की ती गोष्ट मारामारीच्या टोलनाक्यांवर जागोजाग अडवली जाते.

या दोषाला नावही आहे. खेळ रचणारे कॅनडातील क्लिंट हॉकिंग यांनी २००७ साली 'बायोशॉक' या खेळावर लिहिताना असे म्हटले होते की खेळाची गोष्ट एक सांगते आणि खेळण्याचे नियम दुसरेच सांगतात. आपण त्याला कथा आणि कृती यांचा विसंवाद म्हणू. गोष्टीतला नायक हळवा, मुलांवर माया करणारा. आणि आपल्या हातून तोच नायक एका संध्याकाळी शेपन्नास माणसे लोळवतो, व पुढच्या प्रसंगात एका माणसाच्या मृत्यूने व्याकुळ होतो. त्या शेपन्नास जणांना आई नव्हती काय? आपल्या हिंदी चित्रपटांतही हे चालते, हे मान्य. पण चित्रपटात ती माणसे नायक मारतो. इथे मारले कोणी, या प्रश्नाला उत्तर देताना माझा अंगठा दुखत होता.

कोणी म्हणेल, मग हे खेळ वाईटच ठरले. परंतु निकाल इतका सोपा नाही, कारण याच अडचणीचे सोने करणारा एक खेळ मी दुसऱ्यांदा हाती घेतला. त्याचे नाव 'द लास्ट ऑफ अस', साल २०१३. एका बुरशीच्या साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे. खेळ सुरू होतो तेव्हा आपल्या हातात बंदूक नसते. आपण असतो सारा नावाची लहान मुलगी, रात्री जागी झालेली, अंधाऱ्या घरात बाबांना शोधणारी. थोड्याच वेळात ती बापाच्या मांडीवर प्राण सोडते, आणि पुढचा सारा खेळ आपल्याला तो बाप, जोएल, होऊन खेळावा लागतो. ज्या मुलीच्या पायांनी आपण नुकतेच चाललो तिच्याच मरणाचे ओझे घेऊन! निवेदनाचा दृष्टिकोन बदलणे म्हणजे काय, हे मी पाठ्यपुस्तकातून शिकले होते. अंगावर आले ते इथे.

वीस वर्षांनंतर जोएल एका चौदा वर्षांच्या मुलीला, एलीला, देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायला निघतो. तिला त्या रोगाची बाधा होत नाही. तिच्यापासून लस तयार होईल अशी आशा आहे. शेवटी कळते की त्यासाठी शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार. जोएल रुग्णालयात शिरून तिला बाहेर काढतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत एक डॉक्टर हातात छोटे हत्यार धरून एकटा उभा असतो. मी तिथे थांबले. म्हटले, यातून दुसरी वाट असेल. कंट्रोलर खाली ठेवला, पाणी पिऊन आले. डॉक्टर तसाच उभा. खेळ वाट पाहत होता. मी हात उचलल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नव्हती, आणि हात उचलला तर ती कुठे जाणार हे मला ठाऊक होते.

कादंबरीतला खून वाचताना आपण साक्षीदार असतो. रंगभूमीवरचा खून पाहताना प्रेक्षक असतो. इथे मी नेमकी कोण होते? कर्ती म्हणावे, तर निर्णय माझा नव्हता. साक्षीदार म्हणावे, तर बटण मीच दाबले. भारतीय रसचर्चेत आणि पाश्चात्त्य शोकांतिकेच्या चर्चेत या तिसऱ्या भूमिकेसाठी मला शब्द सापडला नाही. तो शोधणे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे काम आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि कृती म्हणजे नेहमी मारणेच असावे असेही नाही. मामेभावाने मला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ सालचा जुना खेळ दाखवला. नव्वदीच्या दशकात ज्यांनी संगणक वर्गात पाय ठेवला त्या आमच्या काही प्राध्यापकांनाही तो आठवत असेल! जॉर्डन मेकनर या तरुणाने तो रचला. राजपुत्राची धाव आणि उडी खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाचे चित्रण करून त्यावरून चित्रे काढली. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचे असते. वाटेत एका आरशातून राजपुत्राचीच सावली बाहेर पडते आणि पुढे तीच तलवार घेऊन समोर येते. तिला वार केला की जखम आपल्याला होते. तिला मारले की आपण मरतो. उपाय एकच: तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जायचे. सावली आपल्यात मिसळून जाते. शत्रू आपणच आहोत, हे सांगायला एकही संवाद लागलेला नाही. हाताने केलेल्या, किंवा न केलेल्या, कृतीतून अर्थ उमटतो. ज्या माध्यमाने हे बालपणीच साधले होते, ते पुढे कोटींच्या खर्चात पुनःपुन्हा गोळीबाराकडेच का वळते, ही माझी तक्रार आहे. आणि ती प्रेमापोटी आहे.

आता आपल्याकडे येऊ. तिसरा खेळ 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', साल २०१७. त्याची भूमी आपला सह्याद्री! पश्चिम घाटाच्या कर्नाटकातल्या भागात दोन स्त्रिया, क्लोई आणि नादीन, गणपतीच्या सुळ्याच्या शोधात होयसळांची जुनी राजधानी धुंडाळतात. लाल मातीतून जीप चालवताना, पाऊस पडून गेल्यासारखी हिरवळ पाहताना मन खरोखर हरखते. पण प्रत्यक्ष हळेबीडला जाऊन आलेल्या माणसाला तिथले अजस्र पुतळे आणि कोसळते धबधबे पाहून हसूही येते. होयसळांचे वैभव बारीक कोरीव कामात आहे. खेळाला मात्र उडी मारायला उंच कडे हवे होते, म्हणून त्याने ते बांधले.

यावर रागावण्यात अर्थ नाही. विचार वेगळा करायला हवा. होयसळ राजा सोमेश्वर याचा इ. स. १२३७ चा शिलालेख पंढरपूरला विठ्ठलमंदिरात आहे. सोलापूरहून एस. टी.ने सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या अंतरावर. अमेरिकेतल्या कलावंतांना होयसळ सापडले. आपल्या जिल्ह्यातल्या होयसळांवर आपण चार ओळींची गोष्ट तरी रचली आहे काय? दुसऱ्याने आपले घर चुकीचे रंगवले म्हणून ओरडण्यापूर्वी, आपण ते रंगवायला घेतले होते का, एवढे स्वतःला विचारावे.

घेतले, असे उत्तर देणारा चौथा खेळ आहे, आणि तो पुण्यात तयार झाला. 'राजी : ॲन एन्शंट एपिक', २०२०. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातल्या छोट्या चमूने तो केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी तीन वर्षांनी खेळ पूर्ण झाला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. नायिका राजी ही खेळ करून पोट भरणारी, दोरावर उड्या मारणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. राजी भावाच्या शोधात निघते, आणि तिची गोष्ट दुर्गा व विष्णू आपसांत बोलत सांगतात.

मुलीने भावाला राखी बांधायची आणि भावाने तिचे रक्षण करायचे, ही आपली रीत. इथे रक्षण करायला निघते ती बहीण. एवढ्या साध्या उलथापालथीने जो आनंद झाला तो माझ्या वर्गमैत्रिणींना सांगायला नको. शिवाय मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांतून रामायण सांगत आले. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पडद्यामागे दिवा, पडद्यावर सावली आणि सूत्रधाराच्या बोटांत गोष्ट: विचार केला तर व्हिडिओ गेम याहून फार वेगळा नाही. फरक एवढाच की बाहुलीचे दोर आता प्रेक्षकाच्या हाती दिले आहेत.

'राजी' निर्दोष नाही. झुंजी काही वेळाने एकसारख्या वाटतात, चार-पाच तासांत खेळ संपतो आणि शेवट तर अर्ध्या वाक्यावर थांबल्यासारखा. पण मला बोचली ती निराळीच गोष्ट. मी खेळले त्या आवृत्तीत दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते. त्यामागे बाजाराचे गणित आहे हे मला कळते. मोजक्या जणांनी मिळून काढलेल्या दुकानाला साऱ्या जगात माल विकायचा असतो. तरीही अम्मम्मा शेजारी बसून राहिली आणि या वेळी तिने काहीच विचारले नाही. क्रेटोसची राख तिला कळली होती, कारण ती मी तेलुगूत सांगितली होती. तिच्या स्वतःच्या देवीचे बोलणेही मलाच समजावून द्यावे लागत होते.

इथे खरा प्रश्न आहे. ज्या गावाने शाहीर राम जोशींसारखा लावणीकार आणि कीर्तनकार दिला, ज्या गावात मूल तीन भाषांत भांडायला शिकते, त्या गावातली मुले रोज रात्री गोष्टी जगतात त्या चौथ्याच भाषेत. त्यांच्या भावना मराठी, तेलुगू, कन्नड. त्यांचा पराक्रम मात्र इंग्रजी. भाषा केवळ कवितेत आणि अर्जात उरली आणि साहसातून हद्दपार झाली, तर ती मुलांच्या मनात किती दिवस तग धरील?

या खेळांच्या बाजूने बोलताना त्यांची किंमत लपवणे बरे नाही. यंत्र पन्नास हजारांच्या आसपास, वर एकेक खेळ हजारोंचा. विडी वळणाऱ्या किंवा मागावर बसणाऱ्या घरात ही चैन आहे. मला मामेभाऊ होता. सर्वांना असत नाही. वेळेचेही तसेच. वीस तासांत मी चार कादंबऱ्या वाचू शकले असते, आणि सहामाहीच्या आधी तर मी कंट्रोलर भावाकडेच ठेवायला देत असे. ग्रंथाला पर्याय म्हणून कोणी हे खेळ पुढे करील तर मी त्याच्या बाजूला नाही. नाटक आले म्हणून कीर्तन संपले नाही, चित्रपट आला म्हणून नाटक संपले नाही. पण नाटकाला नावे ठेवणाऱ्यांनीही शेवटी नाट्यसमीक्षा लिहायला घेतली, हे आपण वाङ्मयेतिहासात शिकतोच.

म्हणून माझे मागणे लहान आहे. वाङ्मय मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत एक दुपार या खेळांना द्यावी. मोठ्या पडद्यावर एकाने खेळावे, बाकीच्यांनी पाहावे, आणि नंतर कथानक, पात्र, निवेदन, हिंसा यांवर तशीच चर्चा व्हावी जशी कादंबरीवर होते. कोणता प्रसंग खरा वाटला आणि कोणता केवळ हात गुंतवण्यासाठी होता, हे सांगायला शिकावे. ज्यांना लिहिता येते त्यांनी सिद्धेश्वराच्या गड्ड्यातली, किल्ल्याच्या खंदकातली, १९३१ च्या चार हुतात्म्यांच्या शहरातली एखादी गोष्ट अशी लिहून पाहावी की वाचणाऱ्याला अमुक ठिकाणी थांबून काहीतरी करावे लागेल. त्यासाठी संगणक लागत नाही, वही पुरते. यंत्र चालवणारे मित्र अभियांत्रिकीत पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे गोष्ट नाही, आणि आपल्याकडे ती पडून आहे.

आजीने सांगितलेली गोष्ट आम्ही ऐकली, पुस्तकातली वाचली, पडद्यावरची पाहिली. आता गोष्ट हातात आली आहे. ती करावी लागते. ती कोणी लिहायची, कोणत्या भाषेत, आणि तिच्यातल्या माणसाने तलवार केव्हा म्यान करायची, हे प्रश्न संगणक विभागाचे नाहीत. ते आपल्या विभागाचे आहेत.